मायन्यातलं एक अक्षर

"एकदम सगळ्यांना पाठवायचं नाही," शिरगुप्पे सर म्हणाले. "एकेकाचं पत्र उघडायचं, नाव बघायचं, मग सोडायचं."

"सर, तीनशे बारा पत्रं आहेत. एका फटक्यात जातील."

"एका फटक्यात गेलेलं पत्र कुणालाच गेलेलं नसतंय. आम्ही साठ पोरांच्या वह्या एकेक करून तपासल्या की. तुमच्या यंत्राचे काय हात दुखतात?"

यंत्राला हात नव्हते, दुखणार होते ते माझे. पण सर अमृतमहोत्सव समितीचे कार्यवाह होते आणि मी दोन महिन्यांची पाहुणी. मी मान डोलावली.

ही २००८ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. मिरजेतल्या एका शाळेला पंचाहत्तर वर्षं होत होती आणि माजी विद्यार्थ्यांची यादी संगणकावर चढवून त्यांना मेलवर आमंत्रणं धाडायचं काम माझ्याकडे आलं होतं. मी सांगलीच्या एका संगणक क्लासमध्ये शिकवत असे. उन्हाळ्यात क्लास ओस पडतो, म्हणून मालकांनी मला इकडे पाठवलं. शाळेलाही सुट्टीच. सगळ्या इमारतीत आम्ही तिघं: सर, मी आणि तातोबा शिपाई. शिरगुप्पे सर याच शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, वय एकाहत्तर. अकराला येत, एकला जेवायला घरी जात आणि चार वाजता झोप झाडून परत येत. मधले तीन तास मी, पंखा आणि भिंतीवरचे नकाशे.

माझी तक्रार नव्हती. मी अठ्ठावीस वर्षांची होते आणि एकटं राहायची मला सवय झाली होती, निदान झाली आहे असं मी स्वतःला बजावत असे. सांगलीच्या खोलीवर सगळ्यात लहान मापाचा कुकर होता आणि त्यातला भातसुद्धा मला दोन वेळा पुरायचा. काही रविवार असे जायचे, की सकाळी दूधवाल्याला "अर्धा लिटर" म्हटलं, की दिवसभराचं बोलणं संपलं.

तर सरांसाठी मी बटण केलं. पडद्यावर एका वेळी एका माणसाची माहिती: नाव, मॅट्रिकचं वर्ष, व्यवसाय, पत्ता, मेलचा पत्ता. सगळ्यात खाली बटण, त्यावर लिहिलेलं 'पत्र उघडा'. ते दाबलं, की नवं पत्र समोर यायचं आणि त्यात त्या माणसाचा पत्ता, विषय, मायना आणि मजकूर सगळं आपापल्या जागी बसलेलं असायचं. आपण फक्त बघायचं आणि पाठवायचं. सरांनी खुर्ची पुढे ओढून एका बोटाने बटण दाबलं, पत्र उघडलं तसे मागे टेकले, आणि पुन्हा चार वेळा दाबून बघितलं. चार पत्रं उघडली, ती मी एकेक करून बंद केली.

"झकास," सर म्हणाले. "पण हे 'महोदय' काढा. कचेरीतनं नोटीस आल्यासारखं वाटतंय. पत्र शाळेतल्या मुलांच्या वतीनं जातंय. तेव्हा साठीच्या पुढचे सगळे तीर्थस्वरूप, त्याच्या आतले आदरणीय आणि पस्तिशीच्या आतले प्रिय. वयावरनं मायना आपोआप येईल असं करता येतंय का?"

"येतं की," मी म्हटलं. "तीर्थस्वरूप. तीर्थरूप नाही ना?"

सरांनी माझ्याकडे अशी नजर टाकली, की वर्गात पहिल्यांदाच कुणीतरी बरोबर उत्तर दिलं असावं. "शाबास. हल्ली कुणाला कळत नाही हे. तीर्थरूप फक्त जन्मदात्यांना. बाकी कुणी कितीका थोर असेना, तो तीर्थस्वरूप. तुम्हाला कुणी शिकवलं ओ?"

"घरी," मी म्हटलं आणि पडद्याकडे वळले.

मजकूर सरांनी स्वतः लिहिला होता. त्याखाली त्यांचं नाव आणि हुद्दा. "आणि त्याच्याखाली," ते म्हणाले, "बारीक अक्षरात, लेखनसाहाय्य म्हणून तुमचं नाव. काम करणाऱ्याचं नाव गाळायचं नसतंय. कसं लिहू? सौभाग्यवती, का कुमारी?"

"नुसतं नी. ब. कासार."

"कासार? मिरजेतले का?"

"मी पुण्याची," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं. सरांनी एकदा माझ्या मोकळ्या गळ्याकडे पाहिलं आणि भला माणूस म्हणून पुढे काही विचारलं नाही.

त्यांच्या मजकुरात तीन चुका होत्या. 'आशिर्वाद', 'उपस्थीत' आणि 'महोत्सवानिमीत्त'. मी हळूच सांगून पाहिलं. सरांचा चेहरा पडला आणि मग लाल झाला.

"बाई, हा मजकूर समितीत वाचून मंजूर झालाय. आता ऱ्हस्वदीर्घासाठी परत बैठक बोलवू काय?"

मी चुका तशाच राहू दिल्या.

माहिती भरून पाठवलेले अर्ज टपालाने आले होते. ते एकेक करून मी संगणकावर चढवत होते. एकशे अठराव्या अर्जाशी मी थांबले. नाव वाचायच्या आधी मी अक्षर ओळखलं. उभं, सरळ, प्रत्येक शब्दावर शिरोरेघ अशी ओढलेली, जणू पट्टी लावली आहे. बळवंत रामचंद्र कासार. मॅट्रिक १९६१. व्यवसाय: मुद्रितशोधक, निवृत्त. पत्नी: कै. सुमती. ते माझे वडील होते.

बाबा या शाळेत शिकले हे मला लहानपणापासून माहीत होतं आणि तरीही हे काम मी घेतलं होतं. 'तरीही' की 'म्हणूनच', ते मात्र मी स्वतःला विचारलं नव्हतं. पाच वर्षांत आमचं एका शब्दाचं बोलणं नव्हतं. ते मेल वापरतात हेही मला त्या अर्जावरून कळलं.

त्यांनी सगळे रकाने भरले होते, रक्तगटसुद्धा. रिकामा होता तो एकच रकाना: 'अपत्ये'. तिथे शून्य नव्हतं, रेघही नव्हती. जन्मभर दुसऱ्यांच्या गाळलेल्या जागा शोधून काढणाऱ्या माणसाने ती जागा चुकून सोडली असेल, हे मला पटणं शक्य नव्हतं.

आणि गंमत अशी, की तो रकाना भरल्याशिवाय माहिती साठवायचीच नाही, असा नियम मीच सरांच्या सांगण्यावरून केला होता. कुणाकडचे किती जण येणार याचा त्यांना अंदाज हवा होता. माझाच संगणक मला बजावत राहिला: अपत्ये, संख्या भरा. शून्य टाकायला हात होईना. एक टाकायचा मला हक्क उरला आहे की नाही, ते मला ठाऊक नव्हतं. दहा मिनिटं तशीच बसले आणि शेवटी नियमच काढून टाकला. तीनशे बारा जणांना सूट मिळाली.

आई गेली तेव्हा मी अकरावीत होते. पुढे सांगलीला कॉलेजात आले आणि वसतिगृहातून दर आठवड्याला बाबांना पत्र लिहू लागले. पुण्याहून त्यांचं उत्तर यायचं, आणि उत्तरासोबत माझं पत्रही परत यायचं, लाल शाईने तपासलेलं. चुकलेल्या वेलांट्या, राहिलेले अनुस्वार. नको असलेल्या अक्षरावर उभी रेघ आणि समासात शेपूट वळवलेली खूण, म्हणजे काढून टाका. राहिलेल्या अक्षराच्या जागी कावळ्याच्या पायासारखी खूण आणि वर ते अक्षर. मैत्रिणी हसायच्या. मला त्यात कधी वावगं वाटलं नाही. आमच्या घरी माया लाल शाईतूनच यायची. माझं पत्र त्यांनी ओळ न् ओळ, काना-मात्रेसकट वाचलं आहे, एवढं मला त्या कागदावरून कळायचं, आणि ते पुरायचं.

मग विवेक आला. त्याने बाबांना रीतसर पत्र लिहून माझा हात मागितला. बाबांनी ते पत्र माझ्यापुढे ठेवलं. एका पानात अकरा लाल खुणा.

"ज्याला स्वतःचं पत्र एकदा वाचून बघावंसं वाटत नाही," बाबा म्हणाले, "तो तुझ्याकडे काय बघणार?"

"माणूस म्हणजे प्रूफ नाही, बाबा," मी म्हटलं.

ते मला आयुष्यात सुचलेलं सगळ्यात फटकळ वाक्य होतं आणि त्याचा मला तेव्हा फार अभिमान वाटला. लग्न मी त्यांच्याशिवाय केलं. दोन महिन्यांनी त्यांना चार पानी पत्र लिहिलं, 'तीर्थरूप बाबांस' असा मायना घालून. पत्र आठवड्यात परत आलं. सोबत उत्तर नव्हतं. चारही पानांवर लाल शाई नव्हती, चुका असूनही. फक्त पहिल्या ओळीत, 'तीर्थ' आणि 'रूप' यांच्या मध्ये, ती कावळ्याच्या पायाची खूण आणि वर एक अक्षर: स्व.

दुसऱ्या कुणाला यातलं काही कळलं नसतं. मला कळलं. ते मला सांगत होते, की इथून पुढे मी तुझा कुणी वडीलधारा, ओळखीचा. बाप नव्हे.

आणि विवेकबद्दल त्यांचं म्हणणं खरं निघालं, हेच तर अवघड होतं. विवेक वाईट नव्हता. त्याने कुठलीच गोष्ट दुसऱ्यांदा निरखून पाहिली नाही, एवढंच. मी घर सोडलं हे त्याच्या लक्षात यायला दोन दिवस लागले. बाबा चुकले असते, तर मी कधीच त्यांच्या दारात जाऊन भांडले असते. बरोबर निघालेल्या माणसाच्या दारात जायचं कसं, ते मला कळत नव्हतं.

त्या दिवसापासून माझा एक नवा उद्योग सुरू झाला. सर जेवायला गेले, की एकशे अठरा नंबर काढायचा आणि बटण दाबायचं. पत्र उघडायचं. वर त्यांचा पत्ता आणि खाली आपोआप आलेला मायना: तीर्थस्वरूप श्री. बळवंत रामचंद्र कासार यांस. माझ्याच बटणाने माझ्यासमोर तेच अक्षर आणून ठेवलेलं. मी ते बघत बसायची. मग पत्र बंद करायची. बदल साठवायचे का, असं संगणक विचारायचा. नाही, असं मी सांगायची. नऊ दिवस हे चाललं. तेवढ्यात बाकीची तीनशे अकरा पत्रं उघडून, बघून, सोडून झाली.

"किती राहिली?" सरांनी विचारलं.

"एक."

"कुणाचं?"

"पत्ता तपासायचाय, सर."

"उद्या समितीची बैठक आहे. सगळी गेली असं मला सांगायचंय. तेवढं आज उरका बघू."

सर गेले. मी बटण दाबलं. पहिल्यांदा मी पत्राच्या तळाची ती बारीक ओळ पुसून टाकली: लेखनसाहाय्य, नी. ब. कासार. आपल्याकडे लग्न झालं, की बाईच्या नावातलं मधलं अक्षर बदलतं. चार वर्षं मी नी. वि. होते. बाबांना ते 'ब' दिसलं असतं, तर पुढचं काही सांगावं लागलं नसतं. त्यांचं म्हणणं खरं निघालं, पोरगी परत त्यांच्या नावावर आली, हे सगळं त्या एका अक्षरात होतं. ते त्यांच्या हाती द्यायची मला लाज वाटत होती.

पण मग ते पत्र कुणाचंच नव्हतं. शिरगुप्पे सरांचं आमंत्रण बाबांना मिळालं असतं आणि त्यांनी ते वाचून बाजूला ठेवलं असतं. मी ती ओळ पुन्हा टाकली. मायन्याला हात लावला नाही. बाबांनीच सांगितलेला मायना होता तो, मी कोण बदलणार? सरांच्या तीन चुकाही तशाच ठेवल्या, आणि खरं सांगायचं तर माझी सगळी भिस्त त्या चुकांवरच होती. नुसत्या शब्दांना बाबांनी उत्तर दिलं नसतं. पण चुकीची वेलांटी दिसली आणि त्यांनी पेन उचललं नाही, असं कधी झालं नव्हतं. एकदा पेन हातात आलं, की ते मायन्यापाशी थांबेल की पुढे जाईल, एवढाच काय तो प्रश्न होता.

मी पत्र सोडलं. मग उठून व्हरांड्यातल्या नळावर तोंड धुतलं आणि कारण नसताना तातोबांना विचारलं, शाळा कधी उघडणार.

"तेरा जूनला की, बाई. तवर हितं कावळं अन् आपन."

दुसऱ्या दिवसापासून उत्तरं यायला लागली. कुणी येतो म्हणाले, कुणी गुडघे दुखतात म्हणाले, एकाने आपल्या वेळच्या हेडमास्तरांची नक्कल लिहून पाठवली. सर ती छापून घेत आणि मोठ्याने वाचत. एकशे अठराचं उत्तर नव्हतं. चार दिवस गेले, आठ गेले. सकाळी आल्या आल्या आणि निघताना मी मेल बघायची, आणि मधल्या वेळात बघायचं नाही असं ठरवून मधल्या वेळातही बघायची. एकतीस तारखेला माझं काम संपणार होतं. बाबांनी पत्र वाचलं आणि गप्प बसले, हेही उत्तरच आहे, असं मी मनाला समजावत होते. मन ऐकत नव्हतं.

तीस तारखेला तातोबांनी टपाल आणलं. वरचा लिफाफा सरांनी फोडला, आतला कागद उलगडला आणि चष्मा वर केला.

"हे बघा एकेक नग. आपलं आमंत्रण कागदावर छापून घेतलंय, त्यात लाल शाईनं चुका काढल्यात आणि टपालानं परत पाठवलंय. मास्तरांच्या चुका काढतोय."

माझे हात टेबलावर होते, ते मी खाली मांडीवर घेतले.

"आशीर्वादातला शी दीर्घ केलाय," सर वाचत होते. "उपस्थित. बरं. निमित्त. असंल, असंल, तुम्ही पण सांगितलं होतंत. पण हे बघा, हे काय केलंय? तीर्थस्वरूपातला स्व काढून टाकलाय. तीर्थरूप केलंय. आता काय म्हणावं? दुसऱ्याच्या वेलांट्या सुधारायला निघालाय आणि तीर्थरूप कुणी कुणाला लिहायचं एवढं ठाऊक नाही."

"बघू, सर."

सरांनी कागद दिला. 'स्व'वर उभी लाल रेघ होती आणि समासात शेपूट वळवलेली खूण. रेघ पूर्वीइतकी सरळ नव्हती, मध्ये थोडी थरथरली होती. बाबा चौसष्ट वर्षांचे झाले, हे मला त्या रेघेवरून जाणवलं. वरपासून खालपर्यंत मी तीनदा पाहिलं. तळाशी माझं नाव होतं, मधल्या 'ब'सकट. त्याला त्यांनी हात लावला नव्हता. चूक नसलेल्या जागी ते कधीच शाई वाया घालवत नसत.

"चुकलंच की नाही त्याचं?" सर म्हणाले.

"नाही, सर. बरोबर आहे त्यांचं."

"बरोबर कसं? तीर्थरूप म्हणजे..." आणि सर थांबले. त्यांनी माझ्या हातातल्या कागदाच्या वरचं नाव वाचलं, मग खालचं वाचलं. पुन्हा वरचं वाचलं.

"ब. म्हणजे," ते म्हणाले.

"हो, सर."

सरांनी चष्मा काढला आणि उगाच पुसत राहिले. "आणि मी त्यांना नग म्हटलं ओ," असं पुटपुटले. मग तातोबा चहा का आणत नाही ते बघतो म्हणून उठले आणि जाताना दार हलकेच ओढून घेतलं. तातोबांनी चहा दहा मिनिटांपूर्वीच आणून ठेवला होता.

मी रडले. पाच वर्षांचं होतं, त्याला वेळ लागला. नकाशांवरच्या नद्या पुन्हा नीट दिसायला लागल्या, तेव्हा तोंड पुसून संगणकापुढे बसले आणि एकशे अठरा नंबर काढला. 'अपत्ये' या रकान्यात एक लिहिलं. मग बटण दाबलं.

पत्र उघडलं. मायना आपोआप आला, तीर्थस्वरूप असाच, कारण यंत्राला यातलं काही कळलेलं नव्हतं. संगणकात 'स्व' म्हणजे स, हलन्त आणि व, म्हणून पुसायची कळ तीनदा दाबावी लागते. मी तीनदा दाबली. मग सरांचा सगळा मजकूर पुसला आणि 'तीर्थरूप बाबांस' याच्याखाली माझं लिहायला लागले, विवेकचं, सांगलीच्या खोलीचं, त्या लहान कुकरचं.

लिहून झाल्यावर दोनदा वाचलं. चार चुका सापडल्या. त्या तशाच ठेवल्या आणि पत्र पाठवलं.